टाकी संपेपर्यंत

आमचे दाजी स्थिर उभे राहिलेले मी त्यांच्या लग्नातही पाहिले नाहीत. फोटोवाला तीनदा ओरडला, "नवरदेव, हलू नका!" आणि तिन्ही फोटोंत माझ्या बहिणीशेजारी एक पुसट माणूस उभा आहे. चहा पिताना ते कप घेऊन फिरतात. जेवता जेवता ताट घेऊन खिडकीशी जातात. सुट्टीच्या दिवशी त्यांना घरात ठेवायचं तर ताई त्यांच्या हातात काहीतरी मोडकं देते, आणि ते दुरुस्त झालं की दुसरं मोडकं शोधत हिंडते.

असा माणूस माळी कसा झाला, असं लोक विचारतात. माळी म्हणजे हातात झारी घेऊन फुलांकडे कौतुकानं बघणारा शांत म्हातारा, अशी त्यांची समजूत. त्यांनी एकदा सकाळी सातला आमच्या बागेत यावं. चार किलोमीटरची कुंपणं, तीन मोठ्या हिरवळी, सात माळी, आणि सातपैकी चौघांच्या हातात ठणाणा करणारी मशीनं. या सगळ्याच्या मधोमध पत्र्याच्या खोलीत बसतो मी, स्टोअरकीपर. हातमोजे, गॉगल, कानातले बोळे, पेट्रोल, पाती, सगळं माझ्या ताब्यात. दाजींच्या शब्दावर मला ही नोकरी लागली. हे ते वर्षातून एकदाच बोलून दाखवतात, पण नेमके चारचौघांत.

दाजी कुंपणवाले. छातीशी मशीन धरायचं, त्याचं दातेरी पातं झुडपावरून फिरवत पुढं जायचं, असं अठरा वर्षं. दुसरे माळी आधी दोरी बांधतात आणि तरी कुंपण वाकडं कापतात. दाजी नुसते एकदा शेवटपर्यंत बघतात आणि सुरू होतात. त्यांनी कापलेल्या कुंपणावर पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळणार नाही. बागेत सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, आणि तो मान त्यांचा होता, यात मेहुणा म्हणूनही मला शंका नाही.

आमच्या बागेत एक रीत होती. मशीन एकदा सुरू केलं की टाकी संपेपर्यंत खाली ठेवायचं नाही. कधीकाळी त्याला कारण होतं. जुनी मशीनं तापल्यावर बंद केली की रुसायची, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ यायची. पुढे नवी मशीनं आली, पण रीत राहिली, आणि रीतीची इभ्रत झाली. मध्येच कुणी मशीन खाली ठेवलं की चहूकडून आरोळी, "काय रे, टाकी सांडली का?" एक टाकी म्हणजे सव्वा तास. दिवसाला चार टाक्या. सव्वा तास ते थरथरणं मनगटातून कोपरात, कोपरातून दाढांत. टाकी संपवून आलेल्या माणसाला मी चहा अर्धाच कप देतो, कारण उरलेला अर्धा बशीत जाणार हे मला ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दाजी पात्याचा स्क्रू घ्यायला आले. डबीत बोटं घातली. एकदा, दोनदा, तीनदा. स्क्रू काही हाती लागेना.

"चष्मा करा आता," मी म्हणालो. "म्हातारे झालात."

यावर दाजींनी मला आणि माझ्या खानदानाला चार शब्द ऐकवायला हवे होते. मी मान वर करून बघितलं, तर त्यांची तीन बोटं मधल्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी. पांढरं कुठं संपतं आणि कातडी कुठं सुरू होते, तिथं रेघ मारल्यासारखी कड होती. मी घाबरून त्यांचा हात धरला. बोटं गार होती. पाव तासानं ती लाल झाली, तेव्हा दाजी पत्र्याला पाठ टेकवून दात आवळून उभे होते.

"कधीपासून?"

"तीन हिवाळे."

"आणि ताई?"

"तिला काय? सकाळी घाई असते म्हणून शर्टाची बटणं तिला लावायला सांगतो. तेवढंच." मग त्यांनी माझी कॉलर धरली. म्हणजे धरायचा प्रयत्न केला. "कुणाला बोललास तर बघ."

तेव्हा मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी दाजींनी गुलाबावर डोळा बांधायचं काम सोडलं होतं. चाकूनं साल उघडून त्यात दुसऱ्या गुलाबाचा डोळा बसवायचा, वर पट्टी बांधायची, असं ते नाजूक काम. "कंटाळा आला," म्हणाले होते. ज्या माणसाला कशाचा कंटाळा यायला वेळ नाही, त्याच्या तोंडचं ते वाक्य आम्ही सगळ्यांनी खरं मानलं होतं.

हे झालं आणि दोन महिन्यांतच नोटीस लागली. दुसऱ्या कुठल्याशा बागेतल्या माळ्यांचे हात मशीनमुळे कामातून गेले होते, म्हणून वरून हुकूम आला. कामगार दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन मशीन चालवणाऱ्या चौघांचे हात तपासणार. ज्याच्या बोटांत दोष, त्याचं मशीन बंद. आणि तपासणीचा निकाल लागेपर्यंत कुणीही अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग मशीन धरायचं नाही, पाळी बदलायची. अर्धी टाकी भरलेलं मशीन खाली ठेवायचं! माळी असे चिडले, की जणू कुणी त्यांना अर्ध्या जेवणावरून उठवलं होतं. खूश झाला फक्त लांब्या. हा आमच्यातला सगळ्यात उंच, सहा वर्षं मशीनवर, घरी आठ महिन्यांची मुलगी. पाळी संपली की तो मशीन आनंदानं पुढच्याच्या हातात द्यायचा.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार पावलं होतात. दाजींनी ती चार पावलं त्या दिवशी किती वेळा घातली देव जाणे.

"मी रजा टाकतो."

"जो गैरहजर, त्याला पहिला बोलावतील."

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!" ते थांबले. "मशीन काढून घेतलं तर मी करू काय?"

"पानं गोळा करा. कुंड्यांना पाणी घाला."

"त्यापेक्षा मलाच कुंडीत लाव."

मी हसलो, पण त्यांचा चेहरा बघून हसू तोंडातच राहिलं. अठरा वर्षं हा माणूस त्या मशीनमागून चालत होता. ते काढून घेतल्यावर त्याच्या हातापायांनी काय करायचं, हे मलाही सांगता आलं नसतं. म्हणून मी ठरवलं, दाजींचं मशीन वाचवायचं. आता सांगतोच आहे तर खरं सांगतो, मला त्यात थोडी मजाही वाटली. जन्मभर ज्यांच्या उपकारात राहिलो, त्यांच्यावर एकदा उपकार करायची संधी होती.

दुसऱ्या बागेच्या स्टोअरकीपरकडून मी तपासणीची पद्धत काढली. डोळे मिटायला लावतात, एकेका बोटाला सुई टेकवतात, टेकली की "हो" म्हणायचं. न टेकवता "हो" म्हटलं की पकडले गेलात. अख्ख्या बागेत टेबल एकच, ते माझ्या खोलीत. तेव्हा तपासणी तिथंच होणार आणि नावं लिहायला मी बसणार. सुई टेकली की मी पेनाचं बटण दाबायचं. टिक. टिक ऐकली की दाजींनी "हो" म्हणायचं. तीन दिवस आम्ही दार लावून तालीम केली. मी तारेचं टोक टेकवायचो आणि टिक करायचो. टिक केली नाही, तर दाजी गप्प बसायचे. किती गप्प बसायचे, हे मला तेव्हा नीट कळायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी ऊन चांगलं होतं. दाजींनी आधी बादलीभर कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले होते, त्यामुळे बोटं गुलाबी दिसत होती. डॉक्टरीणबाई तरुण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आधी सगळ्यांना उभं करून दोन गोष्टी सांगितल्या. हात गरम ठेवा, आणि मशीन जेवढं घट्ट आवळाल तेवढा हादरा आत जाईल, म्हणून पकड सैल ठेवा. मग एकेकाला आत घेतलं.

दाजींनी डोळे मिटले. सुई. टिक. "हो." सुई. टिक. "हो."

"पेन जरा खाली ठेवता का?" बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लक्ष जातं."

मी पेन ठेवलं. बाईंनी पुढच्या बोटाला सुई टेकवली, आणि खोलीत टिक नाही की टाक नाही. मग देवाला दया आली म्हणा की सैतानाला, माझी खुर्ची कुरकुरली. "हो," दाजी म्हणाले. त्यानंतर मी मूळव्याध झाल्यासारखा त्या खुर्चीवर चुळबुळत राहिलो आणि दाजी "हो, हो" म्हणत राहिले.

"अठरा वर्षं?" बाईंनी वहीत लिहिताना पुन्हा विचारलं. "कमाल आहे."

शेवटी लांब्या आला. तो वाकून आत शिरला, डोळे मिटून बसला, आणि दर दोन वेळा सुई टेकली की एकदाच "हो" म्हणाला. त्याला खोटं बोलायचं सुचलंच नाही. बाईंनी विचारलं, सिगारेट ओढता का? म्हणाला, हो, दोन-तीन.

आठवड्यानं निकाल आला. बागेच्या अधीक्षकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, सगळ्यांना हिरवळीवर जमवून तो वाचला. चौघांपैकी तिघांचे हात चांगले, एकाच्या बोटांत दोष. पुढचं साहेबांचं स्वतःचं. "अठरा वर्षं मशीन चालवणाऱ्या उस्तादांना काही झालं नाही, आणि सहा वर्षांच्या माणसाला होतं? दोष मशीनचा नाही, सिगारेटचा आहे. अर्ध्या तासाची पाळी आजपासून रद्द. त्यानं सिगारेट सोडावी आणि मशीन चालवत राहावं. माणसं आहेत कुठं बदली द्यायला?"

टाळ्या वाजल्या. दाजींच्या पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी लांब्याला म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले, लांब्याही हसला. मी दाजींकडे बघितलं. ते हसत नव्हते, पण नाहीही म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही.

मशीन वाचलं होतं, तेव्हा दाजी सुखी व्हायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी घरातलं सगळं मोडकं दुरुस्त करून चांगलं मोडायला घेतलं. ताईनं मला विचारलं, "तुझ्या दाजींना झालंय काय?" मी म्हणालो, हवा बदलली आहे. असलं उत्तर मी फक्त ताईला देऊ शकतो, कारण ती असल्या उत्तरावर पुढं विचारत नाही, नुसती बघते.

दोन दिवसांनी लांब्या स्टोअरमध्ये आला. दाजी तिथंच फिरत होते. लांब्यानं दार लोटून घेतलं.

"उस्ताद, एक विचारू? हसू नका." त्यानं आपला लांबलचक हात पुढं केला. "तुम्ही काय करता? अठरा वर्षांत तुम्हाला काही झालं नाही, म्हणजे काहीतरी युक्ती असणार. मला सांगा. सिगारेट मी त्याच दिवशी सोडली, पण फरक नाही. काल मुलगी किरकिर करत होती. बायको म्हणाली, अंग बघा जरा गरम लागतंय का. मी कपाळाला हात लावला. मला कळेचना. मग गाल लावून बघितला, तर चटका बसला."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, मग टेबलाकडे. टेबलावरची डबी उचलली आणि ठेवली.

"घट्ट धर," ते म्हणाले. "ढिलं धरलं की हादरा बसतो. चांगलं आवळून धर."

लांब्याचा चेहरा एवढा उजळला, की मला खाली बघावं लागलं. "एवढंच होय!" म्हणत तो वाकून बाहेर पडला.

"दाजी," मी म्हणालो, "बाईंनी उलटं सांगितलं होतं."

"माहीत आहे मला!"

"मग?"

"मग काय? काहीतरी सांगायला नको होतं का? तो विचारत होता!" ते एवढ्यानं ओरडले, की पत्रा घुमला. मग ते बाहेर गेले, परत आले, पुन्हा बाहेर गेले. मी त्यांना बोल लावला खरा, पण तोंड बंद ठेवण्यात माझा वाटा अर्धा होता, आणि त्या अर्ध्यानं मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, थंडी होती. दाजी आणि लांब्या एकाच कुंपणाच्या दोन बाजूंनी कापत चालले होते. मी पेट्रोलचा डबा घेऊन निघालो होतो, तेव्हा मला दिसलं. लांब्यानं मशीन असं आवळलं होतं, की मानेच्या शिरा वर आल्या होत्या. युक्ती मनापासून पाळत होता तो. कुंपणापलीकडून दाजीही तेच बघत होते. त्यांचं पातं एका जागी चालू राहिलं आणि त्या जागी कुंपणाला ओंजळभर खड्डा पडला. अठरा वर्षांत पहिला.

दाजींनी मशीन बंद केलं. टाकी अर्धीही संपली नव्हती. मशीन गवतावर ठेवून ते कुंपणाला वळसा घालून गेले आणि त्यांनी लांब्याच्या मशीनचं बटण बंद केलं.

"टाकी सांडली का उस्ताद?" कुणीतरी लांबून ओरडलं.

"पुन्हा हात लावू नकोस," दाजी लांब्याला म्हणाले. "मी येईपर्यंत नाही. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल."

"कुठं?"

"दवाखान्यात."

इथं मी शूरपणा केला असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझ्या मनात आधी आली ती माझी नोकरी. पेन माझं होतं, खुर्ची माझी होती. दाजींनी ते ओळखलं असावं. "तुझं नाव घेणार नाही," ते चालता चालता म्हणाले. त्यांच्या बरोबरीनं राहायला मला जवळजवळ पळावं लागत होतं. अर्ध्या रस्त्यात त्यांनी सांगितलं, की सकाळी ताईला सगळं सांगून टाकलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तीन वर्षं रोज सकाळी बटणं लावते, तुमची बर्फासारखी बोटं माझ्या हाताला लागतात. मला काय अक्कल नाही? म्हणाली, तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते." त्यांनी चालायचा वेग आणखी वाढवला. "वाट बघत होती म्हणे. मी बाहेर चोरासारखा फिरतोय आणि ही वाट बघतेय."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दाजींनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. टिक कुणाची, हे मात्र त्यांनी गाळलं. "बाहेरून कुणीतरी खूण करत होतं," म्हणाले. एवढं वाईट खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"पेन माझं होतं," मी म्हणालो. "खुर्चीही."

बाई रागानं लाल झाल्या. "अहवालात तुमच्याच अठरा वर्षांचा दाखला आहे! त्या उंच माणसाचं मला खटकत होतं, पण तुमच्या हातांमुळे मी गप्प बसले."

"ते खोडा."

"खोडता येत नाही. नव्यानं तपासून नवा अहवाल द्यावा लागेल. तो गेला, की मी सगळ्यांना परत बोलावते, आणि अर्ध्या तासाची पाळीही परत आणायला लावते. पण मग तुमचं मशीन गेलं. कायमचं."

"आणि लांब्याची बोटं?"

"आत्ता थांबला, तर पुष्कळशी वाचतील."

"माझी?"

"तुमची आणखी बिघडणार नाहीत, एवढं बघू."

"मग करा," म्हणत दाजी बसले, आणि उजवा हात त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. बाईंनी तो उलटा केला. या वेळी सुई नव्हती. त्यांनी एक छोटी पेटी उघडली. तिच्यात नायलॉनचे लहान लहान दोरे होते, केसाएवढ्या बारीक दोऱ्यापासून चांगल्या जाड दोऱ्यापर्यंत. दोरा बोटाला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, कळलं की "हो" म्हणायचं, असं बाईंनी समजावलं. मला त्यांनी दाराशी उभं केलं, हात मागं बांधून, आणि हूं की चूं करायचं नाही असं बजावलं. दाजींनी डोळे मिटले.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. मी श्वास धरून बघत होतो. बराच वेळ गेला, तेव्हा दाजी जरा संकोचून, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "बाई, सुरू केलंत की सांगा."

बाईंनी सगळ्यात जाड दोरा पेटीत ठेवला. उजव्या हाताची चारही बोटं तपासून झाली होती.